किनाऱ्यावरचा वारा, आपल्या वावरातून समजून घेताना

मे महिन्यात भर दुपारी नागपूर, अकोला, चंद्रपूर ४४-४५ अंशांवर गेलेले असतात आणि त्याच वेळी मुंबई-रत्नागिरीचा पारा ३३-३४ च्या पुढे सहसा सरकत नाही. सूर्य दोन्हीकडे सारखाच तळपतो. शून्य सावलीचा दिवस मुंबईत १५ मेच्या सुमारास येतो आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास, म्हणजे ऐन नवतप्यात, मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत. मग दहा-अकरा अंशांचा हा फरक येतो कुठून? ‘तिकडे समुद्र आहे’ हे उत्तर आपण शाळेपासून देत आलो आहोत. ते बरोबर आहे, पण अर्धवट आहे. समुद्र नुसता जवळ असून भागत नाही, त्याच्यावरची हवा रोज दुपारी गावात यावी लागते. ती का येते, रात्री उलटी का फिरते आणि एखाद्या दिवशी तिला उशीर झाला तर मुंबईचे काय हाल होतात, ते इथे सांगायचं आहे.

हे विदर्भात बसून सांगायला मला अजिबात अडचण वाटत नाही. या वाऱ्याचं मूळ जमिनीच्या तापण्यात आहे, आणि जमीन तापते कशी हे आपल्याकडच्या कास्तकाराइतकं कोणाला ठाऊक असणार?

नांगरून पडलेल्या काळ्या वावरात मे महिन्यात दुपारी दोन वाजता अनवाणी पाऊल टाकवत नाही. फुफाट्याने तळवा पोळतो. उघड्या काळ्या मातीचा अगदी वरचा थर तेव्हा ५५-६० अंशांवर गेलेला असतो, हवेपेक्षा कितीतरी जास्त. आता तिथेच खुरप्याने वीतभर माती उकरून हात घाला. वरच्या मानाने ती चक्क गार लागते. हातभर खोल गेलात तर दुपार आणि मध्यरात्र यांच्यात जवळपास काही फरकच उरत नाही. दिवसभराचं ऊन वरच्या चार-सहा बोटांच्या थरातच अडकून बसतं, कारण कोरडी, भुसभुशीत माती उष्णता खाली जाऊ देत नाही आणि स्वतः जागची हलत नाही. थोड्या मातीवर सगळा मारा, म्हणून ती भडकते. रात्री तीच गोष्ट उलटी होते. निरभ्र आकाशाखाली हा पातळ थर आपली उष्णता भराभर सोडून देतो. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी २८-२९ अंश आणि पहाटे १०-१२ अंश असतात ते यामुळेच.

पाण्याचं तसं नाही. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात चार-पाच किलो कोरडी माती एका अंशाने तापते. पुस्तकं बहुतेक वेळा इथेच थांबतात, पण हा फरक एकटा पुरेसा नाही. ऊन पाण्याच्या आत शिरतं, स्वच्छ समुद्रात कित्येक मीटर खोलवर जातं. लाटा आणि वारा वरचं पाणी खालच्यात घुसळतात, त्यामुळे ती उष्णता मोठ्या जाडीच्या थरात वाटली जाते. शिवाय पाणी सतत आटत असतं आणि आटताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात ३० अंशांचं आठ लिटर पाणी उकळीला येईल. आपला कूलर याच हिशोबावर चालतो. रात्री समुद्राचं वरचं पाणी जरा निवलं की जड होऊन खाली बसतं आणि त्याच्या जागी खालचं कोमट पाणी येतं. मातीला हे करता येत नाही. या सगळ्याचा परिणाम असा की उघड्या समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान चोवीस तासांत सहसा एका अंशानेही बदलत नाही. मे महिन्यात मुंबईजवळचा अरबी समुद्र सकाळी मोजा की दुपारी, २९-३० अंशांच्या आसपासच असतो.

म्हणजे किनाऱ्याच्या एका बाजूला दिवसभरात वीस-तीस अंशांनी वरखाली होणारी जमीन आणि दुसऱ्या बाजूला जवळपास स्थिर समुद्र. दुपारी जमीन समुद्रापेक्षा गरम, पहाटे समुद्रापेक्षा गार. वाऱ्याची दिशा दिवसातून दोनदा पालटते ती जमिनीच्या या चढउतारामुळे.

वारा आधी वर सुटतो

शाळेत आपण लिहितो, ‘जमिनीवरची हवा तापून हलकी होते, वर जाते, तिथे पोकळी निर्माण होते आणि ती भरून काढायला समुद्रावरची थंड हवा येते.’ मार्क मिळतात, पण या वाक्यात घोळ आहे. हवेत अशी पोकळी पडत नाही. दुसरं म्हणजे, हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचं वजन. खालची हवा तापून वर सरकली तरी ती डोक्यावरच असते. मग वजन कमी कसं झालं? ते कमी व्हायचं असेल तर काही हवा तिथून बाजूला निघून गेली पाहिजे. खरी गोम इथे आहे.

गोधड्यांच्या दोन थप्प्या डोळ्यांसमोर आणा. दोन्हींत सहा-सहा गोधड्या, वजन सारखंच. एक थप्पी उन्हात वाळून फुगलेली, दुसरी दमट आणि दबलेली. जमिनीवर दोन्ही थप्प्यांचा भार सारखाच पडतो. पण दोन्हींत गुडघ्याच्या उंचीवर हात खुपसला तर? दबलेल्या थप्पीत तुमच्या हातावर एखादीच गोधडी असेल, फुगलेल्या थप्पीत दोन-तीन असतील. म्हणजे त्याच उंचीवर फुगलेल्या थप्पीत भार जास्त.

हवेचंही असंच होतं. सकाळी दहाच्या सुमारास किनाऱ्यालगतची जमीन तापायला लागते. हवा उन्हाने थेट फारशी तापत नाही, ती जमिनीच्या स्पर्शाने खालून तापते. समजा जमिनीवरचा एक किलोमीटर जाडीचा थर समुद्रावरच्या थरापेक्षा ५ अंशांनी जास्त तापला, तर तो फुगून साधारण १७ मीटर उंच होतो. एक किलोमीटर उंचीवर पाहिलं तर जमिनीच्या बाजूला आता थोडी जास्त हवा डोक्यावर आहे, म्हणून तिथे दाब जास्त. फरक किती? दीड-दोन हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं माप), आणि एकूण दाब हजाराच्या घरातला. पण हवा सरकायला एवढा फरक भरपूर झाला. वरच्या वर हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते. खाली उभ्या माणसाला याचा पत्ताही नसतो.

आता हिशोब बदलला. जमिनीवरच्या खांबातली थोडी हवा निघून गेली, म्हणून जमिनीवरचा दाब उतरला. समुद्रावर ती हवा जमा झाली, म्हणून तिथला दाब चढला. आणि मग खालच्या बाजूने समुद्रावरची गार, दमट हवा जमिनीकडे निघते. हाच खारा वारा. वर समुद्राकडे जाणारा आणि खाली जमिनीकडे येणारा असा हा पुरा फेरा आहे, आणि त्याची सुरुवात खालून होत नाही, वरून होते. मला ही गोष्ट पहिल्यांदा नीट उमगली तेव्हा फार आनंद झाला होता. आपण ज्याला कारण समजतो तो परिणाम असतो, हे इतक्या रोजच्या गोष्टीतही लपलेलं असतं.

एवढ्याशा दाबाने वारा किती जोरात वाहील, याचाही हिशोब करता येतो. पन्नास किलोमीटरच्या अंतरात १ हेक्टोपास्कलचा फरक असेल आणि वाटेत काहीच अडवत नसेल, तर स्थिर उभी हवा तासाभरात ताशी वीस-बावीस किलोमीटरचा वेग घेते. झाडं, घरं, टेकड्या तिला रोखतात, तरीही प्रत्यक्षातला खारा वारा ताशी दहा ते पंचवीस किलोमीटरच्या दरम्यान वाहतो. खालच्या प्रवाहाची जाडी काहीशे मीटर ते एखादा किलोमीटर असते.

कोकणच्या किनाऱ्यावर मार्च ते मे या काळात हा वारा सकाळी उशिरा, साधारण अकराच्या आसपास सुरू होतो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सूर्य मावळला की तो ढिला पडतो. आधी पश्चिमेकडून येणारा वारा दुपार कलताना वायव्येकडून येऊ लागतो. आपल्या गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहणारी हवा हळूहळू उजवीकडे वळते, आणि काही तास वाहिल्यावर ते वळण दिसायला लागतं. वारा जसा आत सरकतो तशी त्याच्या पुढच्या टोकाशी गार आणि गरम हवा एकमेकींना भिडतात, गरम हवा वर उचलली जाते आणि कधी कधी किनाऱ्याला समांतर ढगांची एक लांब रांग उभी राहते. उपग्रहाच्या चित्रात ती स्पष्ट दिसते.

रात्री सगळं उलटं, पण दबक्या आवाजात. जमीन निवते, तिच्यावरची हवा गार आणि जड होते, आणि मध्यरात्रीनंतर जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहू लागतो. हा मतलई वारा. पहाटे त्याचा जोर जास्त असतो, तरी दुपारच्या वाऱ्यापुढे तो कमकुवतच. कारण दिवसा तापलेली हवा वर उसळून किलोमीटरभर उंच थर तापवते, तर रात्री गारवा जमिनीलगतच्या थोड्या थरातच साचून राहतो. शिवाय उन्हाळ्यात कोकणातल्या दमट रात्री जमीन समुद्राहून फारशी गार होतच नाही. हिवाळ्यात मात्र आकाश निरभ्र असतं, सह्याद्रीच्या उतारांवरून गार हवा खाली घरंगळते आणि पहाटेचा पूर्वेकडचा वारा चांगला जाणवतो. शिडाच्या होड्या होत्या तोवर कोळी बांधवांचा दिवस यावरच बेतलेला असे. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर मासळी घेऊन परतायचं.

पावसाळ्यात हा रोजचा खेळ जवळजवळ दिसेनासा होतो. नैर्ऋत्येचा जोरदार वारा रात्रंदिवस एकाच दिशेने वाहत असतो, आकाश ढगाळ असतं आणि जमीन तापतच नाही.

वाऱ्याला उशीर होतो तेव्हा

खारा वारा रिकाम्या मैदानात वाहत नाही. त्या दिवशी मोठ्या प्रदेशावर जे वारे वाहत असतात त्यांच्याशी त्याला झगडावं लागतं. मार्च-एप्रिलमध्ये अनेकदा पूर्वेकडून, म्हणजे दख्खनच्या तापलेल्या पठारावरून, कोरडी हवा कोकणात उतरते. तिचा जोर असेल तर समुद्राचा वारा किनाऱ्यावरच अडतो. अकराला यायचा तो दुपारी दोन-तीनला येतो. तोवर मुंबईचा पारा ३८-४० वर गेलेला असतो. ‘आज समुद्रावरून येणारे वारे उशिरा सुरू झाल्याने तापमान वाढले’ हे हवामान खात्याचं वाक्य वर्तमानपत्रात येतं ते अशा दिवशी. १४ एप्रिल १९५२ ला मुंबईत सांताक्रूझला ४२.२ अंशांची नोंद झाली होती. त्या तापमानाला आपल्याकडे कोणी बातमीही म्हणणार नाही, पण कोकणच्या दमट हवेत ते सोसणं फार कठीण. तिकडचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. आपला कूलर तिकडे कामाचा नाही तोही याच कारणाने.

मद्रास किनाऱ्यावर हीच गोष्ट मे-जूनमध्ये घडते. तिथे समुद्र पूर्वेला, म्हणून पश्चिमेकडचा वारा खाऱ्या वाऱ्याला अडवतो. चेन्नईत उन्हाळ्यात वारा किती वाजता वळला यावर त्या दिवसाचं कमाल तापमान ठरतं.

मग आपल्याकडे का नाही?

अंतर हे साधं उत्तर. नागपूरहून मुंबईचा किनारा सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर, बंगालचा उपसागर पावणेसहाशेच्या आसपास. बुलडाणा अरबी समुद्राला त्यातल्या त्यात जवळ, तरी साडेतीनशेच्या वर. सिरोंचा तर बंगालच्या उपसागरालाच जवळ, पण तेही तीनशे किलोमीटर. खारा वारा सहसा तीस-पन्नास किलोमीटर आत जातो, उष्ण प्रदेशांत अनुकूल दिवशी शंभरापर्यंत. कोकणात तर सह्याद्रीची भिंतच उभी आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी घाटातून वर चढलेला हा वारा पुण्याला थोडा गारवा देऊन जातो, त्यापुढे त्याची शक्ती संपते. सूर्य मावळला की त्याला चालवणारा फरकही संपलेला असतो.

पण अंतराहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे उष्णतेची कमी नाही. मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश पाहिले. उष्णतेनेच वारा वाहत असता तर विदर्भात रोज वादळ झालं असतं. शेजारी गार काही असेल तरच वारा वाहतो, आणि आपल्याकडे शेजारीही तेवढंच तापलेलं असतं. वर्ध्याचं वावर जितकं तापतं तितकंच यवतमाळचं. शेकडो किलोमीटर जमीन एकसारखी तापल्यावर हवेने जायचं कुठे? ती जागच्या जागी वर उसळते. उन्हाळ्यात वावरात उभी राहणारी वावटळ म्हणजे असाच एक वर उठणारा झोत. नांगरलेलं वावर शेजारच्या हिरव्या मळ्यापेक्षा जास्त तापतं, तिथून हवा उसळते, आजूबाजूची हवा तिच्याकडे ओढली जाते आणि येताना थोडीशी वळलेली असली तर फिरू लागते. पालापाचोळा, तुराट्यांचे तुकडे, धूळ घेऊन दोन-चार मिनिटं फिरते आणि विरते. आपल्या अंगावर येणाऱ्या उन्हाळी झळा मात्र वेगळ्या. त्या वायव्येकडच्या कोरड्या, तापलेल्या प्रदेशातून वाहत येतात.

तरीही रोजच्या तापण्या-निवण्यामुळे आपल्याकडे वारा बदलतो, फक्त त्याची रीत निराळी आहे. खळ्यावर हरभरा उपणणाऱ्या माणसाला ती पक्की माहीत असते. भल्या सकाळी सूप धरून उपयोग नाही, भुसा सरळ पायाशीच पडतो. दहा-अकरानंतर वारा लागतो, दुपारी चांगला चालतो आणि दिवे लागायच्या सुमारास वारा पडतो. का? उंचावर, पाचशे-हजार मीटरवर, वारा रात्रंदिवस वाहतच असतो. दिवसा जमिनीवरून उसळणारी हवा वरच्या-खालच्या थरांची घुसळण करते आणि वरचा वेगवान वारा खाली येऊन पोचतो. संध्याकाळी जमीन निवली की तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन बसते, वर मात्र ऊबदार हवा असते. गार खाली आणि ऊबदार वर अशी रचना झाली की घुसळण थांबते. वरचा वारा वरच राहतो. हिवाळ्याच्या संध्याकाळी चुलीचा धूर कौलांच्या थोडा वर जातो आणि तिथेच आडवा पसरून गावावर साचतो, तो या गार थराचं छत ओलांडू शकत नाही म्हणून.

हे नुसतं कुतूहलापुरतं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यामागे कारणं अनेक होती, औषधांची मिसळण, डोक्याच्या वर वाढलेली पऱ्हाटी म्हणजे कपाशी, अंगावर संरक्षणाचं काही नसणं. पण फवारणाऱ्याने वाऱ्याची रोजची चाल ओळखणं हा त्यातला आपल्या हातातला भाग आहे. दुपारी वारा जोरात असतो आणि सारखी दिशा बदलतो, तेव्हा फवारा अंगावर आणि नाकातोंडात येतो. म्हणून सकाळी किंवा दिवस कलल्यावर, मंद वाऱ्यात, वारा पाठीवर घेऊन फवारायला सांगतात. अगदी पानही हलत नाही अशा वेळी मात्र सगळ्यात बारीक थेंब खाली न बसता त्याच गार थरात तरंगत राहतात आणि शेजारच्या वावरात, घरात सरकतात. थोडासा, एका दिशेचा वारा असलेला बरा.

मेळघाटात तर किनाऱ्यासारखा दुहेरी वारा प्रत्यक्ष अनुभवता येतो, फक्त तिथे समुद्राच्या जागी दरी आहे. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर. दिवसा डोंगराचा उतार तापतो आणि त्याला लागलेली हवा, त्याच उंचीवर दरीच्या मध्यभागी असलेल्या हवेपेक्षा गरम होते. ती उतार धरून वर चढते. हे दरीय वारे. रात्री उतार निवतो, गार हवा घरंगळत खाली येते आणि दरीत साचते. हे पर्वतीय वारे. जंगलात लागलेली आग दिवसा चढाकडे धावते त्याला ज्वाळांच्या धगीबरोबर हा वाराही हातभार लावतो, आणि जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, कुठे घ्यायच्या हे ठरवणाऱ्या वनमजुरांना तो चांगला ठाऊक असतो. सपाट भागातही खोलगट वावरातल्या तुरीला थंडीचा फटका आधी बसतो, कारण रात्री आजूबाजूची गार हवा तिथे उतरून बसलेली असते.

मान्सून म्हणजे मोठा खारा वारा?

हा प्रश्न विचारल्याशिवाय विदर्भात वाऱ्यावरचा लेख संपवता येत नाही. १६८६ मध्ये एडमंड हॅली यांनी, धूमकेतूवाले तेच, व्यापारी वारे आणि मान्सून यांवर एक निबंध लिहिला. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून समुद्राकडून जमिनीकडे महिनोन् महिने वारा वाहतो, अशी त्यांची मांडणी होती. पुढे १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली यांनी त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा विचार आणला. शाळेच्या पुस्तकांत आजही बहुधा हीच कल्पना असते, आणि पहिली पायरी म्हणून ती वाईट नाही.

पण आपला स्वतःचा अनुभव तिच्या विरोधात जातो. जमीन सर्वांत जास्त तापते मे महिन्यात, आणि पाऊस कुठे असतो? जुलैमध्ये जमीन मेपेक्षा कितीतरी गार असते, तरी तेव्हाच मान्सूनचा जोर असतो. ज्या वर्षी पाऊस दडी मारतो त्या वर्षी तर जमीन जास्तच तापलेली असते. नुसत्या तापण्यावर मान्सून चालत असता तर दुष्काळी वर्षी तो जोरात यायला हवा होता. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी हा मुद्दा फार ठामपणे मांडला. त्यांच्या मते मान्सून म्हणजे विषुववृत्ताजवळच्या पावसाच्या पट्ट्याचं ऋतूनुसार उत्तरेकडे सरकणं. सूर्याबरोबर हा पट्टा आपल्यावर येतो, ढगांत वाफेचं पाणी होताना प्रचंड उष्णता बाहेर पडते आणि ती उष्णता आणखी वारे ओढून घेते. जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक यात काहीच करत नाही असं नाही, पण किनाऱ्यावरच्या दुपारच्या वाऱ्याचा हिशोब चार महिन्यांच्या पावसाला जसाच्या तसा लावता येत नाही. मिरगाच्या तोंडावर ‘यंदा ऊन चांगलं तापलं, आता पाऊस चांगला येणार’ असं आपण म्हणतो. नुसत्या त्या भरवशावर पेरणी करू नये.

पाणी आहे तिथे पाहता येईल

खाऱ्या वाऱ्याचं धाकटं भावंड विदर्भातही शोधता येतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो माजी मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले तलाव, आहेत. त्यातले बहुतेक फार लहान. पाळीवर उभं राहिलं की गार वाटतं, पण ती पाण्यावरून आलेल्या कोणत्याही झुळकीची किमया असते. तलावाने स्वतःचा वारा निर्माण करायचा तर पाणी निदान काही किलोमीटर पसरलेलं हवं. कोहळी समाजाने बांधलेला नवेगाव बांध दहा-अकरा चौरस किलोमीटरचा आहे, गोसीखुर्द धरणाचं पाणी त्याहून कितीतरी मोठं. अशा ठिकाणी निरभ्र दिवशी दुपारी पाण्याकडून काठाकडे मंद वारा वाहू शकतो. त्याचा वेग थोडाच, आणि काठापासून फार दूर तो जात नाही.

मे महिन्यात पाहायला जाऊ नका. तेव्हा मोठ्या प्रदेशावरचा वारा इतका जोरदार असतो की हा बिचारा वारा त्यात दबून जातो, शिवाय पाणीही आटलेलं असतं. फेब्रुवारी चांगला. आकाश मोकळं, वारे मंद, पाणी भरपूर आणि गार, धानकापणी होऊन गेलेल्या बांध्या तापायला लागलेल्या. दोन माणसं हवीत, एक या काठावर आणि एक समोरच्या. दोघांनी उंच काठीला जुन्या लुगड्याची हलकी पट्टी बांधून झाडांपासून दूर, पाण्यालगत उभं राहायचं आणि सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत दर अर्ध्या तासाला पट्टी कोणत्या दिशेला उडते ते वहीत लिहायचं. दोन्ही काठांवर वारा एकाच दिशेचा आला, तर तो नेहमीचा मोठ्या प्रदेशावरचा वारा आहे. दुपारी या काठावरची पट्टी इकडे आणि त्या काठावरची तिकडे, अशा दोन्ही पट्ट्या पाण्यापासून दूर उडाल्या, तर तो तलावाचा वारा. ढगाळ दिवस असेल तर घरी परत या, आणि सगळीकडे चांगलं ऊन पडलं की पुन्हा जा.